पेड्रो वेबसाइट आणि आमची गुरुवारची वही, वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

रिव्ह्यू थेरपीवरचं संशोधन शोधायच्या एका वेबसाइटचा (पेड्रो, इंग्रजीत PEDro) आहे, पण सुरुवात एका स्प्लिंटपासून (हात एका स्थितीत धरून ठेवायला बांधतात तो कडक आधार) करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे. पुण्यात वृद्धांच्या एका केअर सेंटरमध्ये काम करते, ४२ बेड, बहुतेक जण स्ट्रोकनंतर आलेले किंवा डिमेन्शियाचे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं आणि ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर, म्हणून आधीच सांगते, आमचं काम म्हणजे माणसाला परत स्वतःच्या हाताने जेवता यावं, अंघोळ करता यावी, साडी नेसता यावी, देवपूजा करता यावी यासाठी जे काही करावं लागतं ते.

तर एक आजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उजवी बाजू गेलेली. त्यांच्या सूनबाई साडेचार हजार रुपये देऊन हाताचा स्प्लिंट बनवून घेऊन आल्या आणि मला विचारलं, ताई हा रात्रभर घातला की हात आखडणार नाही ना? मी लगेच हो म्हटलं, अजिबात विचार न करता. सूनबाई गेल्यावर आमची ज्युनिअर मुलगी, नुकतीच इंटर्नशिप संपवून आलेली, जिन्यात मला हळूच म्हणाली, मॅडम राग मानू नका, पण आखडणार नाही हे कशावरून?

राग आला नाही म्हणणं खोटं होईल. दोन दिवस तो शब्द डोक्यात होता. कशावरून? कॉलेजमध्ये शिकवलं होतं, माझ्या सिनिअर द्यायच्या, सगळे देतात, याच्यापलीकडे माझ्याकडे खरंच काही नव्हतं आणि त्या आजींच्या मुलाने ते साडेचार हजार स्वतःच्या खिशातून घातले होते. आपल्याकडे अशा सेंटरचा महिन्याचा खर्च बहुतेक घरांना स्वतःच करावा लागतो, त्यामुळे आपण सांगितलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पगारातून येते हे मला रोज दिसतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून पेड्रो उघडलं. नाव ऐकलं होतं, पण फिजिओवाल्यांची साइट आहे म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नव्हते. १९९९ साली सिडनीत सुरू झालेली ही साइट पूर्ण फुकट आहे, लॉगिन नाही, पासवर्ड नाही. आत ६० हजारांहून जास्त नोंदी आहेत, ट्रायल (माणसांचे गट पाडून उपचार तपासणारे अभ्यास), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा) आणि गाइडलाइन. आम्ही स्ट्रोक आणि स्प्लिंट असे दोनच शब्द टाकले आणि मला हवं ते (खरं तर नको होतं ते) समोर आलं. ऑस्ट्रेलियातल्या ओटी नताशा लॅनिन आणि त्यांच्या टीमचा २००७ चा ट्रायल. स्ट्रोक होऊन दोन महिन्यांच्या आतली ६३ माणसं, तीन गट, एकाला मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, एकाला मागे ताणलेला, एकाला काहीच नाही, रात्रभर घालायचा, चार आठवडे. शेवटी तिन्ही गटांत मनगटाच्या आखडण्यात फरक नाही. मग त्याच विषयावरचा कॉक्रेनचा (उपचारांच्या पुराव्याचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१७ चा रिव्ह्यू, एकूण ४९ अभ्यास आणि २१३५ माणसं, त्यात स्ट्रेच देण्याचे सगळेच प्रकार आले, स्प्लिंट धरून. निष्कर्ष हाच की सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या स्ट्रेचने सांध्याच्या हालचालीत मोजण्यासारखा फायदा होत नाही.

वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. किती जणांना मी स्प्लिंट सांगितले असतील.

आता साइटबद्दल नीट लिहिते, म्हणजे कुणाला वापरायची असेल तर उपयोग होईल. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ट्रायलला दहापैकी गुण दिलेले असतात. निकष अकरा आहेत पण पहिला गुणांत धरत नाहीत. लॉटरीसारखी विभागणी केली का, कोणता माणूस कुठल्या गटात जाणार हे आधी लपवलं होतं का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, मध्येच किती जण गळाले असे साधे प्रश्न असतात. यामुळे पंधरा पेपर समोर आले तरी आधी कुठला वाचायचा ते कळतं, आणि दुपारी दोन पेशंटच्या मध्ये वीस मिनिटं मिळणाऱ्या माणसाला हे फार मोठं आहे. दहापैकी दहा शोधत बसू नका मात्र. आमच्या क्षेत्रात थेरपी देणाऱ्याला आपण काय देतोय हे माहीत असणारच, पेशंटलाही बहुतेक वेळा कळतंच, त्यामुळे ते दोन गुण बहुतेक ट्रायलचे आपोआप जातात आणि आठ म्हणजे उत्तमच समजायचं. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जेरॉन्टॉलॉजी (वृद्धांचा विभाग) निवडता येतं, ते जरूर निवडा, नाहीतर खेळाडूंच्या गुडघ्यांमध्येच अडकाल.

न आवडलेलं पण लिहिते. एकाच सर्चमध्ये 'हे आणि ते' आणि 'हे किंवा ते' असं दोन्ही मिसळता येत नाही, म्हणून एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं असतील तर तीनतीनदा शोधावं लागतं. पूर्ण पेपर तिथे नसतोच, लिंक असते, आणि ती पैसेवाल्या जर्नलची निघाली की गाडी अडते (लेखकांना सरळ ईमेल करा, मी चार जणांना केले, तिघांनी पीडीएफ पाठवली, एकांनी तर वर प्रश्न विचारला की तुमच्याकडे कसं करता). आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुण हे अभ्यास किती नीट केला याचे आहेत, उपचाराने किती फायदा झाला याचे नाहीत. आमच्याकडे सुरुवातीला हा घोळ सगळ्यांचाच झाला, आठ गुण म्हणजे उपचार भारी असं वाटायचं, आणि आठ गुणांचा ट्रायल 'काही फायदा नाही' असंही सांगू शकतो हे डोक्यात बसायला महिना गेला.

ओटीसीकर म्हणून खास ओटींसाठीची साइट पण आहे, तीही ऑस्ट्रेलियातलीच, २००३ पासूनची, जुन्या ट्रायलसाठी छान आहे, मात्र निधीअभावी नवीन भर पूर्वीसारखी पडत नाही. मोजमापांसाठी शिकागोच्या शर्ली रायन ॲबिलिटी लॅबची रिहॅब मेझर्स, ५०० च्या वर चाचण्यांची माहिती, कुठल्या चाचणीत किती फरक पडला तर तो खरा मानायचा हे मिळतं. फक्त चाचण्या आपल्या घरात बसवून घ्याव्या लागतात. बार्थेल इंडेक्समध्ये (रोजची कामं किती जमतात हे मोजणारी चाचणी) जेवणाच्या प्रश्नात कापणं आणि लोणी लावणं आहे, आमच्या आजोबांना भाकरीचा तुकडा मोडता येतो का आणि भात कालवता येतो का हे बघायचं असतं.

पण खरं सांगू का, साइट कितीही चांगली असली तरी ती एकटी काही करत नाही. पेड्रो मला दहा वर्षं आधीही उपलब्ध होतीच की. ट्रेनिंगही झालं होतं, एका हॉटेलात पूर्ण दिवस, फोल्डर मिळालं, सर्टिफिकेट मिळालं आणि सोमवारी परत तेच पेग बोर्ड (भोकांत खुंट्या लावायची पाटी). अडत होतं ते दुसरीकडेच. आपल्याकडे हा पेशा हातातून हातात आलाय. १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी ओटीचं ट्रेनिंग सुरू केलं, तेव्हापासून सिनिअरचं बघून ज्युनिअर शिकते, आणि ते शिकणं मी कमी लेखत नाही, स्ट्रोकच्या माणसाला खांद्याला न ओढता खाटेवरून कसं उठवायचं हे मला माझ्या मॅडमच्या हातांनीच शिकवलंय. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट येते, मॅडमना 'कशावरून' विचारणं म्हणजे उद्धटपणा. आणि जिथे कशावरून विचारता येत नाही तिथे पुरावा कुठल्या दारातून आत येणार?

म्हणून आमच्या सेंटरच्या डॉक्टर मॅडमकडे गेले आणि आठवड्याला चाळीस मिनिटं मागितली, ड्यूटीतली, पगारी, घरी जाऊन वाचा असं नाही. त्यांनी गुरुवारी अडीच ते तीन दहा दिली, तेव्हा जेवणं होऊन सगळे आजी-आजोबा लवंडलेले असतात. नर्सिंग स्टेशनवर एक शंभर पानी वही ठेवली. नियम एवढाच की प्रश्न आपल्या इथल्या खऱ्या माणसाबद्दल पाहिजे, मराठीत लिहायचा, आणि कुणीही लिहावा, ओटी, फिजिओ, सिस्टर, मावशी, मामा. गुरुवारी एक प्रश्न घ्यायचा, एकीने आधी शोधून आणायचं, मराठीतून सांगायचं, आणि शेवटी सोमवारपासून काय बदलायचं ते एका ओळीत वहीत लिहायचं.

पहिले दोन महिने वही जवळजवळ कोरी. मग आमच्या एका मावशींनी, सातवी शिकलेल्या, सिस्टरकडून लिहून घेतलं, "बारा नंबरचे आजोबा अंघोळीला नेलं की मारतात, ओरडतात. एरवी शांत असतात. काय करावं?"

डिमेन्शियाचे आजोबा, पूर्वी बँकेत होते. अंघोळीला दोन माणसं लागायची, एक जण हात धरायचा, मावशींच्या दंडावर नखांचे ओरखडे. आम्ही सगळ्या थेरपिस्ट तिथून रोज जात होतो आणि आमच्यापैकी कुणालाच हा प्रश्न 'थेरपीचा' वाटला नव्हता! पेड्रोचा विषय हा नव्हेच, म्हणून पबमेडवर (वैद्यकीय संशोधनाची मोठी फुकट साइट) शोधलं आणि २००४ चा अमेरिकन ट्रायल मिळाला, १५ नर्सिंग होम, डिमेन्शियाची ७३ माणसं. त्यात माणसाच्या कलाने घातलेली शॉवरची अंघोळ आणि बेडवरच गरम ओल्या टॉवेलखाली अंग पुसणं, असे दोन प्रकार करून बघितलेत. मारणं-ओरडणं पहिल्यात ५३ टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के कमी झालं.

गुरुवारी मी हे सांगितलं तेव्हा मावशी मध्येच म्हणाल्या, म्हणजे त्यांना थंडी वाजते आणि लाज वाटते, एवढंच ना. एवढंच. मग त्यांनीच बसवलं सगळं, दोन मोठे टॉवेल, बादलीत गरम पाणी, साबण नावाला, अंग कायम झाकलेलं, सुरुवात पायापासून, तोंड सगळ्यात शेवटी, आणि हात लावायच्या आधी सांगायचं की आता पाय पुसते हं साहेब. 'साहेब' हे त्यांनीच शोधलं, ते कुठल्या पेपरात नव्हतं. दोन आठवड्यांत एकच माणूस पुरायला लागला. आजोबा रोज शांत असतात असं नाही, वाईट दिवस येतात, पण हात धरून ठेवायला माणूस लागत नाही आता. आणि वही भरायला लागली, कारण मावशींच्या प्रश्नाचं काहीतरी झालं हे सगळ्यांनी पाहिलं.

ज्यांना वाटतं की पुरावा म्हणजे पुस्तकी काम आणि माणूस बाजूला पडतो, त्यांना मी हा प्रसंग सांगते. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे काय याची व्याख्या मांडली त्यातही उत्तम बाहेरचा पुरावा आणि थेरपिस्टचा स्वतःचा अनुभव एकत्र पाहिजे असंच आहे, आणि समोरच्या माणसाला काय हवंय तेही. अनुभव फेकून द्या असं कुणीही म्हटलेलं नाही.

सगळेच गुरुवार असे गोड नव्हते. एकदा आमच्या ज्युनिअरने केअर होममधल्या ओटीवरचा ओटीसीएच नावाचा ट्रायल आणला. इंग्लंड आणि वेल्समधली २२८ केअर होम, स्ट्रोक झालेली १०४२ माणसं, निम्म्या होममध्ये तीन महिने ओटी, निम्म्यात नेहमीचं चालू, २०१५ ला बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. निकाल, रोजच्या कामांत स्वावलंबनात फरक नाही. म्हणजे आमचंच काम, आमच्यासारख्याच जागी, आणि फरक नाही! खोलीत कुणी बोलेना. मग हळूहळू सुरू झालं. त्या माणसांपैकी बहुतेक आधीच खूप परावलंबी होती, अनेकांना स्मरणाचा त्रास होता, आणि थेरपिस्टच्या भेटी माणशी सरासरी पाचच्या आसपास. पाच भेटींत आमच्याकडे तर आजींचं नाव आणि गाव कळतं. पण मला ते कारण देऊन सुटायचं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही नातेवाइकांना 'तीन महिन्यांत स्वतःचं स्वतः करतील' असं सरसकट म्हणणं थांबवलं. आता आजी-आजोबांना किंवा घरच्यांना विचारतो की एक कुठली गोष्ट जमली तर बरं वाटेल, ती धरतो, सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी त्यांनाच दहापैकी मार्क द्यायला सांगतो.

अमेरिकन ओटी संघटनेची 'चूझिंग वाइजली' यादी, २०१८ ची, ही पण एका गुरुवारी घेतली. पाच गोष्टी करू नका अशी ती यादी. त्यात अर्थ नसलेले व्यायाम देऊ नका, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू उचला, पेग लावा, हातांची सायकल चालवा, आणि स्ट्रोकच्या खांद्याला पुली देऊ नका हे स्पष्ट आहे. आमच्या थेरपी रूममध्ये भिंतीवर पुली होती आणि कपाटात सात पेग बोर्ड! पुली काढली. पेग बोर्ड एकदम काढले नाहीत, पण त्यांच्या जागी मटार सोलणं, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, फुलांचे हार, वाती वळणं, पेपरची घडी, पत्ते पिसणं आणलं. एका आजोबांनी मटार सोलायला साफ नकार दिला, हे बायकांचं काम म्हणाले, त्यांना पत्ते दिले, ते आता तिघांना घेऊन रमी खेळतात.

नातेवाइकांशी बोलणं मात्र अवघड आहे, त्याला कुठलीही साइट मदत करत नाही. स्प्लिंट आता नको म्हटल्यावर त्याच आजींचे चिरंजीव चिडले, मग आधी का हो म्हणालात आणि फी कशाची घेता? प्रश्न बरोबर होता. मी माफी मागितली, ट्रायल मराठीत समजावला, आणि सांगितलं की त्याऐवजी रोज तळहात उघडून धुवायचा, कोरडा करायचा, नखं कापायची, खांद्याखाली उशी, आणि डाव्या हाताने जेवायचं शिकवू. दुसऱ्या एका काकूंचा स्प्लिंट आम्ही मुद्दाम चालू ठेवलाय कारण त्यांची बोटं तळव्यात रुतून जखम होत होती, तिथे हेतू वेगळा आहे. आणि ज्यांना चांगला हात बांधून लुळ्या हाताने काम करायची थेरपी इंटरनेटवर वाचून हवी असते, त्यांना सांगावं लागतं की त्याच थेरपीच्या २००६ च्या एक्साइट ट्रायलमधली २२२ माणसं स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिन्यांतली होती आणि मनगट-बोटं थोडी तरी उचलू शकत होती. आमच्यातल्या फार थोड्यांना ते जमतं. फायदा खरा आहे, पण तो त्या माणसांचा आहे.

रेटिंग द्यायचं तर पेड्रोला पाचपैकी चार, फुकट आहे आणि कामाच्या मध्ये वापरता येते म्हणून. पबमेडला साडेतीन, समुद्र आहे तो, पण आजोबांची अंघोळ तिथेच सापडली. ओटीसीकरला तीन. आणि सेंटरचालक हे वाचत असतील तर हॉटेलातल्या ट्रेनिंगचे पैसे वाचवा आणि थेरपिस्टना आठवड्याला चाळीस मिनिटं द्या, आम्हाला शंभर पानी वही पस्तीस रुपयाला पडली.

गेल्या महिन्यात ज्युनिअरने परत वहीत लिहिलं, यावेळी जिन्यात कुजबुजून नाही, सरळ पेनाने, "मॅडम, आपण वाती वळायला लावतो त्याने हात सुधारतो हे कशावरून?" वाती माझीच कल्पना होती. मीच शोधलं. एकच काम पुन्हा पुन्हा करून घेण्यावर कॉक्रेनचा २०१६ चा रिव्ह्यू आहे, ३३ ट्रायल, १८५३ माणसं, हाताच्या कामात सुधारणा होते पण थोडी, आणि पुरावा फार पक्का नाही. मग लक्षात आलं की आम्ही वाती वळायला देत होतो पण किती वळल्या ते कधीच मोजत नव्हतो, गप्पांमध्ये पाच-सहा व्हायच्या. सोमवारपासून वाटीत कापूस मोजून ठेवतो. चौदा नंबरच्या आजी पहिल्या दिवशी अकरावर दमल्या, काल सदतीस वळल्या, आणि सदतीसच्या सदतीस घरी पाठवा म्हणाल्या, सूनबाई विकतच्या आणतात म्हणून.